स्क्रीनवरचा नफा म्हणजे सौदा नव्हे

‘मोबाइलवर दिसतंय ना, मेसेजही आलाय, मग शेअर घेतलेच असणार की!’ हे वाक्य नगर जिल्ह्यात अजून ऐकू येतं, याचा आता संताप येतो. शेअर बाजाराच्या नावाखाली दरमहा घसघशीत परताव्याचं आमिष दाखवून पैसे गोळा केल्याचे गुन्हे शेवगाव तालुक्यात २०२४ मध्ये दाखल झाले. एवढं होऊनही लोक स्क्रीनवरच्या हिरव्या आकड्याला पुरावा मानतात.

खऱ्या बाजारात ऑर्डर म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला पाठवलेला ठरावीक बांधणीचा संदेश. जगभरातले ब्रोकर आणि गुंतवणूक संस्था त्यासाठी ‘फिक्स’ नावाची पद्धत वापरतात. १९९२ मध्ये फिडेलिटी आणि सॉलोमन ब्रदर्स या अमेरिकी संस्थांमधले फोनवर चालणारे व्यवहार संगणकावर आणण्यासाठी ती तयार झाली. तिच्यात प्रत्येक माहितीचा रकाना ठरलेला आहे. ५५ म्हणजे शेअर, ३८ म्हणजे नग, ४४ म्हणजे भाव. ५४ मध्ये १ असेल तर खरेदी, २ असेल तर विक्री. रकाना ३५ मध्ये ‘डी’ असेल तर ती नवी ऑर्डर. तिथेच ८ असेल तर ते समोरून आलेलं उत्तर. उत्तरातल्या ३९ क्रमांकात ऑर्डरचं काय झालं ते कळतं: ० म्हणजे स्वीकारली, १ म्हणजे थोडी पुरी झाली, २ म्हणजे पूर्ण झाली, ८ म्हणजे नाकारली. आपल्याकडच्या एनएसई या शेअर बाजाराची (एक्स्चेंजची) स्वतःची वेगळी बांधणीही आहे, पण तत्त्व तेच. ऑर्डर हा एक संदेश, सौदा झाल्याचा दुसरा. ऑर्डर नंबर वेगळा, ट्रेड नंबर वेगळा.

बनावट ॲपमध्ये यातलं काहीच घडत नाही. बाजाराकडे संदेश जातच नाही, त्यामुळे उत्तर येण्याचा प्रश्नच नाही. ज्याने ॲप बनवलं त्यानेच तुमचा नफा टाइप केलेला असतो. नेप्तीच्या बाजारात कांदा उतरवलाच नाही आणि कुणी घरबसल्या पट्टी छापून दिली, तर आपण ती घेऊ का?

थोडं संगणक शिकलेले लोक आणखी एक चूक करतात. फिक्स संदेशाच्या शेवटी १० क्रमांकाच्या रकान्यात तीन अंकी तपासणी आकडा असतो, म्हणून खोटा संदेश टिकणारच नाही, असं त्यांना वाटतं. हा आकडा म्हणजे त्याआधीच्या सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागल्यावर उरणारी बाकी. वाटेत संदेश बिघडला तर तो बहुधा त्यावरून कळतो. पण ही बेरीज कुणालाही करता येते, खोटं लिहिणाऱ्यालाही. संदेशाचं रूप पाहून त्याचा खरेपणा ठरत नाही. त्यातला नंबर एक्स्चेंजच्या नोंदीत सापडतो का, एवढंच महत्त्वाचं.

ते तपासणं अवघड नाही. सौदा झाल्यावर २४ तासांत ब्रोकरने कॉन्ट्रॅक्ट नोट द्यायलाच हवी. तीत ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर आणि वेळ असते. एनएसईच्या वेबसाइटवर सौद्यानंतर काही दिवस ट्रेड पडताळता येतो. बाजार नियामक सेबीच्या २०११ च्या परिपत्रकानुसार दिवसभरातल्या सौद्यांचा एसएमएस एक्स्चेंजकडून थेट येतो, मात्र ब्रोकरकडे नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच हवा. तिथे एजंटाचा नंबर असेल तर आजच बदलून घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘ऑर्डर गेली म्हणजे शेअर मिळाले’: नाही, भाव जुळला नाही तर ती तशीच पडून राहते. ‘शेअर ब्रोकरकडे असतात’: ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींमधल्या तुमच्या डीमॅट खात्यात असतात, आणि खरेदीनंतर साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी तिथे दिसायला हवेत. ‘एसएमएस आला नाही म्हणजे सौदा झालाच नाही’: एसएमएस चुकू शकतो, कॉन्ट्रॅक्ट नोट पाहाच. ‘आमचा माणूस ठरावीक टक्के देतो’: असा हमखास परतावा देण्याची परवानगी सेबीने कोणत्याही ब्रोकरला दिलेली नाही.

कुणी शेअर घेतल्याचं सांगितलं की स्क्रीनशॉट मागू नका, ट्रेड नंबर मागा. तो मिळाला नाही तर पुढचा एक रुपयाही देऊ नका, आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर लाजेपोटी गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.