घोंगडीला गिऱ्हाईक हवं

वसईचा पाऊस कसा असतो, हे वसईकरांना सांगायला नको. आता पावसात आपण प्लॅस्टिक घेतो. पण आपले आजे-पणजे काय घेत? कुणी इरलं घेई, कुणी घोंगडीची खोळ. बाहेर मुसळधार पाऊस, आणि आत अंग ऊबदार!

हे कसं होतं? लोकरीचा केस कुरळा असतो. केसाकेसांत हवा अडकून राहते. ती हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकरीला मेणचटपणा असतो. त्यामुळे पाऊस लगेच आत शिरत नाही.

घोंगडी कशी होते?

दिवाळीनंतर, भातं कापून झाली, की घाटावरचे धनगर कोकणपट्टीत उतरतात. त्यांच्या मेंढ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या पुष्कळ मेंढ्या दख्खनी जातीच्या असतात. मेंढी आधी धुतात, मग तिची लोकर कातरतात. लोकर पिंजतात. बायका तिचं सूत काढतात. सुताला चिंचोक्याची खळ देतात. मग सणगर मागावर घोंगडी विणतो. एका घोंगडीत अशी किती जणांची मेहनत असते!

दख्खनी लोकर जाड आणि राठ. एका मेंढीपासून वर्षाकाठी किलोभर लोकरही निघत नाही. तिचा मऊ स्वेटर होत नाही. पण घोंगडी, कांबळं, जाजम यांना ती उत्तम.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

इंग्लंड देश एके काळी लोकरीवर श्रीमंत झाला. आपल्या लोकरीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून तिथल्या सरकारने 1666 साली कायदाच केला. प्रेताला गुंडाळायचं ते लोकरीचंच कापड! जिवंत माणूस तर सोडाच, मेलेल्या माणसालाही त्यांनी गिऱ्हाईक केलं.

ऑस्ट्रेलियात 1797 साली मेरिनो जातीच्या मेंढ्या नेल्या. त्यांची लोकर बारीक आणि मऊ. तिथे मोठमोठे कळप झाले. पुढे रसायनांपासून केलेला स्वस्त धागा बाजारात आला. लोकरीचं कसं होणार? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका इथले मेंढपाळ स्वस्थ बसले नाहीत. विकलेल्या लोकरीमागे त्यांनी थोडी थोडी पट्टी काढली. त्या पैशांतून 1937 साली एक संस्था उभी केली. लोकरीचे गुण जगाला सांगायचे, हे तिचं काम. 1964 साली तिने लोकरीच्या लडीसारखी एक खूण काढली. खूण दिसली की गिऱ्हाइकाने समजावं, हा माल अस्सल.

आपल्याकडे काय झालं?

आपल्या शेजारी ठाण्याला 1925 साली लोकरीची गिरणी निघाली. तीच पुढे रेमंड म्हणून नावाजली. पण मऊ सुटाच्या कापडाला बारीक लोकर लागते. ती परदेशातून येई. धनगराची राठ लोकर त्या कामाची नव्हती.

सरकारनेही प्रयत्न केले. 1978 साली महाराष्ट्रात मेंढी व शेळी विकास महामंडळ झालं. त्याला अहिल्यादेवींचं नाव आहे. 1987 साली जोधपूरला केंद्रीय लोकर विकास मंडळ झालं. तरी घोंगडीचं गिऱ्हाईक घटत गेलं. बाजारात स्वस्त ब्लँकेटं आली. आज पुष्कळ ठिकाणी लोकर विकून कातरणावळसुद्धा सुटत नाही. मग धनगर लोकर टाकून देतो आणि मेंढी मटणासाठी पाळतो. लोकर गेली, की सूत काढणाऱ्या बाईचं काम जातं. सणगराचा माग थांबतो. त्याचा मुलगा ती विद्या शिकत नाही.

आपण काय करावं?

दोष लोकरीचा नाही. जिथे जी लोकर चालते तिथे ती वापरावी. आणि मालाचे गुण लोकांना सांगावेत. एकट्या धनगराला हे जमणार नाही. धनगर, सूत काढणाऱ्या बाया आणि सणगर यांनी मिळून ते करायला हवं.

घेणाऱ्यानेही पारख शिकावी. घोंगडीचा एक धागा काढा. तो चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि बोटाने चुरडेल अशी राख झाली, तर लोकर खरी. धागा वितळून त्याची कडक गोळी झाली, तर तो रसायनाचा धागा.

पुढच्या वेळी जत्रेत घोंगडी दिसली, तर भाव करण्याआधी हात लावून पाहा. ती किती हातांतून आली आहे, ते आता तुम्हाला माहीत आहे.