उसनवारीची दिशा

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या चकवीत आलेल्या क्रियापदांच्या जोड्यांत 'लेंड' आणि 'बॉरो' या जोडीचा मान वरचा आहे. सोलापूरच्या नवी पेठेत एखाद्या दुकानाच्या पायरीशी घटकाभर उभे राहिले, तर या घोटाळ्याचे मूळ कानांनीच उमगते. कारण तेथे मराठी गिऱ्हाईक 'उधार द्या' म्हणते, तेलुगू बोलणारा विणकर 'अप्पु' देण्याघेण्याची भाषा करतो, कानडी शेतकरी 'साल' देतो किंवा घेतो, आणि दखनी बोलणाराही 'उधार' या एकाच शब्दाला देना अथवा लेना जोडून मोकळा होतो. चारही भाषांत व्यवहाराचे नाव एकच असून त्याची दिशा तेवढी पुढचे क्रियापद दाखविते. इंग्रजीने ही दिशा क्रियापदाच्या पोटातच साठविली आहे: वस्तू ज्याच्या हातून जाते तो 'लेंड' करतो, ज्याच्या हाती येते तो 'बॉरो' करतो, एकाला 'टू' लागतो, दुसऱ्याला 'फ्रॉम'. शेजारच्या मुलाला 'मला पेन बॉरो कर' असे इंग्रजीत विनविणारा विद्यार्थी 'उसने' या शब्दाला पर्याय शोधतो आणि 'दे' हा उत्तरार्ध त्याच्या हातून निसटतो, इतकेच.

एवढ्यावरून मराठीस ढिलाईचा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल, कारण परतफेड कशाने व्हावयाची या प्रश्नावर ती इंग्रजीहून कितीतरी काटेकोर आहे. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर 'उसनी', कारण ती संपते आणि विनाव्याज परत जाते ती तेवढीच, पण दुसरी साखर; शिडी 'मागून' आणलेली, कारण तीच जशीच्या तशी परत करावयाची; किंमत मागाहून देण्याच्या बोलीवर नेलेले लुगडे 'उधार'; आणि सावकाराला रोखा लिहून देऊन, प्रसंगी जमीन गहाण टाकून, व्याजाने काढलेली रक्कम ती 'कर्ज'. इंग्रज माणूस साखर, शिडी आणि रक्कम ही तिन्ही एका 'बॉरो'त बसवितो. उधारीपुरता त्याच्याजवळ 'क्रेडिट' हा निराळा शब्द आहे.

शिवाय दिशेचा भेद मराठीने अगदीच सोडला आहे असेही नाही. धनको आणि ऋणको, सावकार आणि कूळ, अशा माणसांच्या नावांत तो तिने जपला आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले, आणि १८७९ साली सरकारने 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' हा कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी झाला त्यांत सोलापूर होते. दस्तऐवजावरील आकडा प्रमाण न मानता मुद्दल मुळात किती होते आणि त्यावर व्याज कसकसे चढत गेले, याचा छडा लावण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयांस दिला. निरक्षर कुळाला देणारा कोण आणि घेणारा कोण हे पुरते ठाऊक होते. त्याचा सारा तंटा किती घेतले यावर होता.

इंग्रजीचा दिशेविषयीचा कटाक्षही सर्वत्र टिकत नाही. 'रेंट' हे क्रियापद घरमालक आणि भाडेकरू दोघेही खुशाल वापरतात, आणि मग कोणी कोणास जागा दिली हे मागच्यापुढच्या संदर्भावरून ताडावे लागते. भाड्याने देणे हाच ज्याचा अर्थ, असे 'लेट' हे जुने क्रियापद त्या भाषेत आहे, आणि रिकाम्या गाळ्यावर 'टू लेट' अशी पाटी लागते ती त्याचीच; तिच्याखाली मराठीत 'भाड्याने देणे आहे' असे लिहिलेले असते.