संडासाचे पाणी : मुलुंडचा एक हिशोब



गळीत हंगाम आटोपला की आम्ही शेतकी खात्यातली माणसे चार दिवस मोकळी होतो. यंदा मुलुंडला मेहुण्याकडे गेलो होतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले बोरिवली, घाटकोपर, अंधेरीला नोकरीस आहेत, तेव्हा तिकडचे पाण्याचे वेळापत्रक आपल्याला ठाऊक आहेच. भातसा-वैतरणेचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून येते, पांजरापूर-भांडुपला शुद्ध होते, आणि पिण्याजोगे झालेले तेच पाणी संडासात ओतले जाते.

मेहुण्याने जुनी फ्लशची टाकी काढून दोन बटणांची बसवली होती. जुनी टाकी एका वेळेला १२ लिटर सोडायची. नवीचे लहान बटण ३ लिटर, मोठे ६. आम्ही सवयीने हिशोब मांडला. माणसे ५, प्रत्येकाच्या ५ खेपा. जुन्या टाकीला दिवसाला ३०० लिटर. नवीला, एकदा मोठे नि चारदा लहान बटण धरून, ९० लिटर. वाचले २१०.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, एकरभर उसात एक सेंटिमीटर पाणी उभे करायला ४० हजार लिटर लागते, तिथे या २१० लिटरचे काय घेऊन बसलात? बरोबर आहे. वर्षाची बचत होते साधारण ७६ हजार लिटर, म्हणजे एका एकरात दोन सेंटिमीटरही नाही. एका पाळीला आपण याच्या चौपट देतो. उसाचे पाणी वाचवायचे ते ठिबकनेच, त्यात पळवाट नाही.

पण घरचे पाणी पाटाचे नसते, नळाचे असते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावात माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहे. १२ लिटरची टाकी पाचदा ओढली की ६० लिटर तिथेच संपले. स्वयंपाक, आंघोळ, धुणे अजून बाकीच! वस्तीवर नवे बंगले झाले, शहरासारखे फ्लश आले, आणि मे महिन्यात टँकरमागे कळशी घेऊन धावते ती घरची बाई.

जुनी टाकी बदलायची नसेल तर लिटरभराची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून आत ठेवा. वीट ठेवू नका, ती झिजून वाळू खाली अडकते. फार कमी पाणीही करू नका, नाहीतर दोनदा ओढावे लागेल आणि बचत पाण्यात जाईल. टाकी गळते का, हे पाहायला तीत थोडी नीळ टाका नि अर्धा तास वापरू नका. भांड्यात निळे पाणी दिसले तर वायसर गेला. आमच्याच क्वार्टरमध्ये हा प्रकार निघाला, काय सांगावे!

नवे घर बांधणाऱ्यांनी मात्र जास्त उताराचे ग्रामीण भांडे आणि दोन शोषखड्डे करावेत. दीड-दोन लिटरचा तांब्या ओतला की भागते. खड्डे विहिरीपासून किमान ५० फूट दूर ठेवा. काळ्या चिकण रानात पाणी लवकर जिरत नाही, म्हणून खड्डा मोठा घ्या आणि भोवती वाळू भरा.

ही कल्पना परकी नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यावर माती टाकून त्याचे सोनखत करणारे संडास घडवले. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला गोबर गॅस जोडून दाखवला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, आणि पहिला दीड-दोन वर्षे उघडायचा नाही. मग निघते ते मातीसारखे, वास नसलेले खत. भाजीपाल्याला ते घालू नका, लागणीआधी उसाच्या सरीत टाकून मातीआड करा.