स्तब्धतेचे छायाचित्र

धावपटू अंतिम रेषा ओलांडतो, क्रिकेटपटू हवेत झेपावून झेल घेतो, कुस्तीगीर प्रतिस्पर्ध्याला चीतपट करतो. अशा वेळी कोणता क्षण टिपावा, हे छायाचित्रकाराला वेगळे सांगावे लागत नाही. नेमबाजीचे मात्र तसे नाही. येथे खेळाडू जागचा हलत नाही आणि सुटलेली गोळी डोळ्यांना दिसत नाही. मग छायाचित्रकाराने टिपायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी प्रथम हा खेळ समजून घ्यावा लागतो.

बंगळूरचे नेमबाज प्रकाश नंजप्पा यांनी २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवले. या प्रकारात पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. एअर रायफल प्रकारात तर तो केवळ अर्धा मिलिमीटर, म्हणजे एखाद्या टिंबाएवढा असतो. श्वासाच्या हेलकाव्यानेही नेम चुकू शकतो. म्हणून नेमबाज शरीर स्थिर करतो, श्वास आवरतो आणि अलगद चाप ओढतो. ताणलेला हात, मिटलेले ओठ, एकाग्र नजर यांतच त्याचे सारे कौशल्य एकवटलेले असते. छायाचित्रकाराने टिपायची असते ती हीच स्तब्धता.

गोळीचे छायाचित्र घेण्याचा मोह येथे निरुपयोगी ठरतो. ५० मीटर रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने जाते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेच उघडले, तरी तेवढ्यात गोळी ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेतील संशोधक हॅरॉल्ड एजर्टन यांनी सफरचंद भेदून जाणाऱ्या गोळीचे सुप्रसिद्ध छायाचित्र घेतले होते. परंतु त्यासाठी त्यांनी अतिशय अल्पकाळ चमकणारा प्रखर प्रकाश वापरला होता. स्पर्धेत असा प्रकाश वापरता येत नाही. नेमबाजाच्या डोळ्यांपुढे अचानक उजेड चमकला, तर अनेक वर्षांच्या परिश्रमांवर एका क्षणात पाणी पडू शकते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धा संपेपर्यंत फ्लॅश वापरण्यास मनाई असते.

फ्लॅश बंद ठेवला म्हणजे छायाचित्रकाराची जबाबदारी संपत नाही. अंधूक जागी नेम साधण्यासाठी कॅमेऱ्यातून निघणारा साहाय्यक दिवाही त्याने बंद करावा. शटरचा खटका शांत वातावरणात मोठा वाटतो. त्यामुळे नि:शब्द शटर असलेला कॅमेरा उपयोगी पडतो. मात्र काही एलईडी दिव्यांच्या प्रकाशात अशा शटरमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटतात. म्हणून सरावाच्या वेळीच चार-दोन छायाचित्रे घेऊन पाहणे शहाणपणाचे असते.

उभे राहण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. गोळीबाराच्या रेषेपुढे कोणीही जायचे नाही, हा या खेळाचा पहिला नियम आहे. नेमून दिलेल्या जागेवरूनच दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या लेन्सने काम करावे. उजव्या हाताने रायफल चालवणारा नेमबाज उभा राहताना आपली डावी बाजू लक्ष्याकडे करतो. पिस्तूल नेमबाज उजवी बाजू करतो. त्यामुळे लक्ष्याकडे तोंड करून पाहिल्यास पहिला रांगेच्या उजव्या टोकावरून, तर दुसरा डाव्या टोकावरून समोरून दिसतो. चुकीचे टोक निवडले, तर कॅमेऱ्यात खेळाडूची केवळ पाठ येते. चांगल्या चित्रासाठी खेळाडूला रेषेबाहेर बंदूक रोखून उभे राहण्याचा आग्रह कधीही करू नये. बंदूक रिकामी असली, तरी हा नियम मोडायचा नसतो.

प्रकार बदलला की चित्रही बदलते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम साधावा लागतो. पालथ्या स्थितीतील नेमबाजासाठी छायाचित्रकारालाही जमिनीलगत बसावे लागते. याउलट ट्रॅप प्रकारात वेगाने उडणारी तबकडी फोडायची असते. तिचे उडणारे तुकडे टिपण्यासाठी शटरचा वेग भरपूर ठेवावा लागतो.

शेवटची गोळी सुटते, पडद्यावर गुण उमटतात आणि इतका वेळ आवरलेला श्वास मोकळा होतो. कोणाचे डोळे पाणावतात, कोणी प्रशिक्षकाकडे पाहून हसतो, कोणी मान खाली घालतो. बराच वेळ निश्चल असलेल्या चेहऱ्यावर प्रथमच भावना उमटतात. कॅमेरा लगेच खाली ठेवणाऱ्याच्या हातून हा क्षण निसटतो. नेमबाजाप्रमाणेच छायाचित्रकारालाही संयम लागतो. चित्र कितीही मोलाचे असले, तरी ते मिळवताना खेळाडूचा नेम ढळू न देणे, हे त्याचे पहिले कर्तव्य होय.