विमानाची पाटी आणि विमानाचा धातू

डिसेंबरात राइट बंधूंवर काही लिहून आलं की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो : शिवकर बापूजी तळपदे यांचं विमान कोणत्या संग्रहालयात पाहायला मिळेल? कुठेच नाही. १८९५ साली चौपाटीवर त्यांचं 'मरुत्सखा' उडालं ही कथा मुंबईत आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण त्या यंत्राचा एखादा सुटा भाग, आराखडा किंवा छायाचित्र अभ्यासकांच्या हाती ठेवता येत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये बारकाईने तपासलं. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. तळपद्यांच्या जिद्दीवर मी शंका घेत नाही. तपासायला वस्तूच नसेल तर विज्ञानाला तिथे काही करता येत नाही, एवढंच.

वस्तू असली की वाद मिटतो, असंही नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई संग्रहालयात राइट बंधूंचं १९०३ चं 'फ्लायर' आहे. आता ते जमिनीवर ठेवलं आहे, त्यामुळे अगदी जवळून पाहता येतं. खालच्या पंखावर वैमानिक पालथा झोपायचा तिथे कमरेसाठी लाकडी पाळणा आहे. तो डावी-उजवीकडे सरकवला की तारा ओढल्या जाऊन पंखांना पीळ बसायचा. इंजिनापासून दोन्ही पंख्यांकडे साखळ्या गेल्या आहेत आणि त्यांतली एक इंग्रजी आठासारखी मुद्दाम पिळून घातली आहे, म्हणजे दोन पंखे उलटसुलट दिशांना फिरतील. सायकल दुरुस्त करणाऱ्यांची अक्कल इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

हे विमान १९२८ पासून वीस वर्षं अमेरिकेत नव्हतंच. ऑर्व्हिल राइट यांनी ते चिडून लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं होतं. कारण होतं दुसऱ्या एका विमानाची पाटी.

सॅम्युअल लँगली हे स्मिथसोनियनचे प्रमुख आणि नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. १८९६ मध्ये त्यांचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. ही खरोखर मोठी कामगिरी होती. मग अमेरिकी सरकारने ५० हजार डॉलर दिले आणि लँगलींनी तोच नमुना माणूस बसेल एवढा मोठा केला. इथेच घात झाला. लांबी, रुंदी, उंची चौपट केली तर आकारमान चौसष्टपट होतं, पण दांड्यांचा छेद सोळापटच वाढतो. नुसतं मोठं केलेलं यंत्र त्यामुळे कमकुवत होत जातं. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ असं दोनदा ते होडीवरून सोडलं, दोन्ही वेळा थेट पाण्यात गेलं. चार्ल्स मॅन्ली हा वैमानिक जिवानिशी बचावला. त्याने सिद्ध केलेलं ५२ अश्वशक्तीचं इंजिन मात्र त्या काळातलं अजोड इंजिन होतं, आणि लँगलींच्या अपयशात तेही विस्मरणात गेलं याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या अपघातानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंनी चार उड्डाणं केली. पहिलं १२ सेकंदांचं, शेवटचं ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं.

लँगली १९०६ मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेल्या चार्ल्स वॉलकॉट यांनी १९१४ मध्ये ते बुडालेलं यंत्र विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांच्याकडे दुरुस्तीला दिलं आणि त्यासाठी दोन हजार डॉलरही दिले. कर्टिस त्याच वर्षी राइट यांच्याशी पेटंटचा खटला हरले होते. लँगलींचं विमान आधी उडू शकत होतं असं ठरलं, तर त्यांच्याइतका फायदा दुसऱ्या कुणाचा होता? चाचण्यांवर देखरेखीला होते अल्बर्ट झाम, आणि ते त्या खटल्यात कर्टिस यांचे साक्षीदार. पंखांची बाकदारी, आधाराच्या तारा, पंखे, सुकाणू, सगळ्यांत फेरफार झाले, खाली तरंगे बसवले. मग ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्यावरून दीडशे फुटांच्या आसपास अंतर उडालं. त्यानंतर केलेले बदल काढून विमान पुन्हा १९०३ च्या रूपात आणलं आणि १९१८ मध्ये प्रदर्शनात मांडलं. पाटी अशा अर्थाची : माणसाला घेऊन सलग उडू शकणारं जगातलं पहिलं विमान.

मला यात खोट्या पाटीपेक्षा जास्त खुपतं ते बदल पुसून टाकणं. १९१४ चे फेरफार विमानावर तसेच राहू दिले असते, तर कुठल्याही जाणत्या माणसाने एका भेटीत ओळखलं असतं की हे लँगलींचं यंत्र उरलेलं नाही. संग्रहालयाने स्वतःच्या हाताने पुरावा धुऊन काढला. अखेर १९४२ मध्ये तेव्हाचे प्रमुख चार्ल्स ॲबट यांनी फेरफारांची यादी जाहीर करून चूक कबूल केली. ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ ला वारले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला फ्लायर वॉशिंग्टनमध्ये मांडलं गेलं.

येताना त्याच्याबरोबर एक करार आला. वारसांनी ते स्मिथसोनियनला एक डॉलरला विकलं, पण अट घातली : संस्थेने याआधीच्या कुठल्याही विमानाला नियंत्रित, इंजिनाच्या बळावरच्या उड्डाणाचं श्रेय दिलं, तर फ्लायर परत जाईल. गुस्टाव व्हाइटहेड हा १९०१ मध्येच कनेक्टिकटात उडाला असं मानणारे या कराराकडे बोट दाखवतात. त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. शास्त्रीय संस्थेने आपला निष्कर्ष कराराने बांधून घेऊ नये, मग आधी कितीही अन्याय झालेला असो. पण कलम उद्या फाडून टाकलं तरी निकाल फिरणार नाही. राइट बंधूंच्या वह्या आहेत, वाऱ्याच्या बोगद्यातली मोजमापं आहेत, उड्डाणाचं छायाचित्र आहे. व्हाइटहेडच्या विमानाचं हवेतलं एकही खात्रीचं छायाचित्र नाही. राइट बंधूंना वर फेकणारं यंत्र लागायचं, असं ब्राझीलचे विमानवीर सांतोस-द्युमाँ यांचे तिथले चाहते म्हणतात. ते यंत्र आलं १९०४ मध्ये. १९०३ ला होते फक्त लाकडी रूळ आणि समोरून येणारा सोसाट्याचा वारा.

आता मुद्दा असा की वॉशिंग्टनमधलं फ्लायर तरी कितपत मूळचं आहे? चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने ते उलटवलं आणि ते पुन्हा कधीच उडालं नाही. १९१३ च्या डेटनच्या पुरात ते खोक्यांसकट चिखलात बुडालं. ऑर्व्हिल यांनी १९२७ मध्ये त्याचं कापड बदललं, १९८५ मध्ये ते पुन्हा बदललं गेलं. मूळ कापडाचे तुकडे १९६९ मध्ये चंद्रावर आणि २०२१ मध्ये मंगळावरच्या छोट्या हेलिकॉप्टरबरोबर जाऊन पोचले. मूळ क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील १९०६ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनासाठी दिले होते, ते परत आलेच नाहीत.

क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं धातूचं कवच, मात्र टिकला, आणि त्याची गोष्ट मला या सगळ्या भांडणांहून मोलाची वाटते. तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा हा ओतीव भाग १९९४ मध्ये धातुशास्त्रज्ञ फ्रँक गेल आणि मार्था गुडवे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. वजनाने ८ टक्के तांबं. आणि त्या ॲल्युमिनियममध्ये तांब्याच्या अणूंचे १० ते २२ नॅनोमीटरचे इवले पुंजके विखुरलेले.

याचं महत्त्व कळायला लग्नाच्या मांडवातली सतरंजी आठवा. अख्खी सतरंजी खेचून सरकवणं कठीण, पण तिला एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेली की सतरंजी सहज सरकते. धातू वाकतो तोही असाच. अणूंचे थर एकदम घसरत नाहीत, त्यांच्या रचनेतली एक सुरकुती पुढे सरकत जाते. आता सतरंजीवर ठिकठिकाणी पाहुणे मांडी घालून बसले असतील तर? सुरकुती प्रत्येकापाशी अडते. तांब्याचे पुंजके म्हणजे हे बसलेले पाहुणे. ते फार लांब लांब बसले तर सुरकुती मधून वाट काढते, म्हणून संख्या आणि अंतर दोन्ही जमावं लागतं. इंजिनीअर याला एज हार्डनिंग म्हणतात. त्याचा शोध जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या नावावर आहे, आणि त्यांचं काम १९०९ च्या आगेमागचं. पुंजके प्रत्यक्ष ओळखले गेले ते १९३८ मध्ये. डेटनच्या ओतशाळेत साचा सावकाश निवला आणि हे सगळं १९०३ मध्येच, कुणालाही पत्ता नसताना, घडून गेलं.

आणखी एक गोष्ट सापडली. मोठ्या पुंजक्यांच्या अधेमधे ३ नॅनोमीटरचे बारीक पुंजकेही होते. ते ओतकामातले नव्हेत. क्रँककेस नुसता पडून असताना, साध्या हवेच्या तापमानाला, नव्वद वर्षांत ते तयार झाले. उत्तम प्रतिकृती बसवून मूळ भाग भंगारात घातला असता, तर यातलं काहीच कळलं नसतं.

हे इंजिन घडवलं राइट बंधूंच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मिस्त्रीने, सहा आठवड्यांत. हाताशी लेथ, ड्रिल आणि हातोडी-छिन्नी. क्रँकशाफ्टसाठी त्याने पोलादाच्या जाड पट्टीवर आकार आखला, रेषेवर ओळीने भोकं पाडली, नको तो भाग ठोकून काढला आणि उरलेला लेथवर उतरवला. पहिल्या चाचण्यांतच इंजिनाचं धूड फुटलं तेव्हा नवं ओतून आणलं. सुमारे १२ अश्वशक्ती, ना कार्बोरेटर ना इंधनाचा पंप. त्या काळी एकही मोटार कारखाना इतकं हलकं इंजिन करून द्यायला तयार नव्हता. तरी शाळेच्या पुस्तकांत टेलरचं नाव सापडत नाही.

जुनी विमानं जपण्याचा हा विषय आपल्याकडे आत्ता तातडीचा आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं, आणि आता ही विमानं चौकाचौकांत, शाळांच्या आवारात, संग्रहालयांत उभी राहतील. त्यांतली बरीचशी आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये बनलेली आहेत. विमानाच्या मिश्रधातूला तांब्याने जी ताकद येते, त्याच तांब्यामुळे तो खाऱ्या हवेत लवकर गंजतो. दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सुपर कॉन्स्टलेशन उघड्यावर उभी आहेत. कोकण-गोव्याच्या पावसात अशी विमानं टिकवणं जिकिरीचं काम आहे. म्हणून डोक्यावर छप्पर हवं आणि रंगकामाआधी नोंदी हव्यात. जुना रंग खरवडला की डागडुजीचे रिव्हेट, बदललेले पत्रे, हाताने लिहिलेले क्रमांक सगळं जातं.

विमानाबरोबर त्याचं लॉगबुक कुठे आहे, कोणते भाग बदलले, शेवटचं ओव्हरहॉल कुणी केलं, हे पाटीवर असायला हवं. ते सांगू शकणारे फिटर, टर्नर, इन्स्पेक्टर नाशिकमध्ये आजही भेटतात, बरेचजण सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन जाण्याचं काम एखाद्या महाविद्यालयाने याच वर्षी हाती घ्यावं.