घरच्या बॉयलरचा इन्स्पेक्टर कोण?



आपल्या बऱ्याच सभासदांची लेकरं आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडे संसार थाटून आहेत. सणावाराला, दवाखान्याच्या कामाला आपलं तिकडे जाणं होतं. न्हाणीघरात भिंतीला गीझर टांगलेला असतो. बटण दाबलं की गरम पाणी. गावाकडचा तांब्याचा बंब दोन-तीन पिढ्या चालतो, गळलाच तर डाख लावून घेतला की झालं. त्यामुळे गीझरबद्दलही 'चालतोय तोवर चालू द्या' असंच आपण म्हणून जातो.

पण दोन्हींत फरक आहे. बंबाला कोंडलेला दाब नसतो. गीझर हे बंद पोटाचं भांडं. आत दाबाखालचं पाणी आणि वीज शेजारी-शेजारी. म्हणजे लहानसा बॉयलरच म्हणा ना! कारखान्याच्या बॉयलरची सरकारी तपासणी होऊन दाखला मिळाल्याशिवाय अग्निप्रदीपन होत नाही. ही शिस्त १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून चालत आली आहे. घरच्या गीझरला मात्र असा इन्स्पेक्टर नाही. ते काम घरच्यांनीच करायचं. ते कसं, हे आता पाहू.

पहिली खूण वेळेची. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला २ किलोवॅटच्या गीझरला साधारण १८ ते २० मिनिटं पुरतात. घड्याळ लावून बघा. तेवढ्याच पाण्याला ३५-४० मिनिटं लागू लागली, किंवा आतून खडखड आवाज येऊ लागला, तर कॉइलवर क्षाराचा थर बसला असं समजा. रस आटवण्याच्या पात्रांच्या नळ्यांवर थर चढला की काय होतं, ते आपल्या कामगार बंधूंना सांगायला नको. महापालिकेचं भातसा-तानसा-वैतरणेचं पाणी तसं मऊ. पण जिथे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी मिसळतं तिथे थर लवकर धरतो. एवढ्यासाठी गीझर टाकून देऊ नका. आतून साफ करून घ्या, लागलीच तर कॉइल बदला.

दुसरी खूण पाण्याच्या रंगाची. गरम पाणी तांबूस येत असेल तर आधी गार पाण्याचा नळ सोडून बघा. तेही तांबूस असेल तर दोष इमारतीच्या टाकीचा किंवा पाइपांचा. फक्त गरमच तांबूस येत असेल तर गीझरची टाकी आतून गंजतेय. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचा पत्रा वाचवते. कांडी वेळेवर बदलली तर टाकीचं आयुष्य वाढतं; पण गंज एकदा पत्र्याला लागला की इलाज नाही.

तिसरी खूण गळतीची. जोडावरून किंवा नळीवरून गळत असेल तर प्लंबर दुरुस्त करील. टाकीच्या अंगातूनच पाणी पाझरत असेल तर गीझर बदलायचा, दुसरी वाट नाही. मात्र पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पडतात, तो दोष नव्हे. वाढलेला दाब तिथून बाहेर पडतो. 'पाणी वाया जातं' म्हणून तिथे बूच ठोकणारेही असतात! बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून टाकण्यासारखाच हा प्रकार. कदापि करू नका.

चौथी खूण झटक्याची. नळाला हात लावताच मुंग्या आल्या, किंवा गीझर लावला की घराची वीज जाते असं झालं, तर त्याच क्षणी वापर बंद. मेन स्विच पाडा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंगही तपासून घ्या. कॉइल बदलून भागलं तर ठीक. गीझर आठ-दहा वर्षांचा झालाय आणि वर्षात दुसऱ्यांदा हीच तक्रार आली, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका.

उपनगरांत आणखी एक गोष्ट घडते. जुनी चार मजली इमारत पाडून तिथे वीस मजली उभी राहते, आणि जुना गीझर नव्या घरात पुन्हा टांगला जातो. वरची टाकी दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब देते. म्हणजे ६० मीटर खालच्या घरात, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर, ६ बार दाब येणार. गीझरवरच्या पट्टीवर तो किती बार सोसतो ते छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय जुना गीझर लावू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं, गॅस गीझर. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली १५ वर्षांची मुलगी दगावली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं. गॅस गीझरमुळे गुदमरल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. ज्योत निळीची पिवळी झाली, गीझरवर काजळी धरली, आंघोळीत डोकं जड झालं, तर लगेच बाहेर या, गॅस बंद करा. आणि न्हाणीघराच्या आत लावलेला गॅस गीझर नवाकोरा असला तरी तिथून हलवायचाच. त्याची जागा मोकळ्या हवेत.

नवा विजेचा गीझर घेताना आय.एस.आय. मार्क पाहा, ऊर्जाबचतीचे तारे पाहा, आणि खरेदीची तारीख गीझरवरच चिकटवून ठेवा म्हणजे वय विसरणार नाही. पुढच्या खेपेला मुलाकडे किंवा लेकीकडे गेलात की कौतुकाने विचारपूस करताना एवढंही विचारा, "बाळा, गीझर किती वर्षांचा झाला रे? आणि आहे कुठला, विजेचा की गॅसचा?"