गॅसलाइन शेतातून गेली म्हणजे शेत गेलं का?

पैनगंगेकाठच्या देऊळघाटात गॅस म्हणजे लाल सिलिंडर. समृद्धी महामार्गालगत 'गेल' कंपनीची नैसर्गिक वायूची लाइन आपल्याच जिल्ह्यातल्या मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांत आली, तेव्हा तिकडच्या सोयऱ्यांकडून इकडे पोचणारी बातमीही आपण याच सिलिंडरच्या मापानं मोजली.

"लाइन गेली म्हणजे शेतच गेलं म्हना ना!" हा सगळ्यांत पक्का समज. पण 1962 चा पेट्रोलियम पाइपलाइन कायदा जमीन घेत नाही, जमिनीखाली लाइन टाकायचा वापरहक्क घेतो. मालकी तुमचीच राहते. कलम 9 सांगतं, की जमीन आधी ज्या कामाला होती त्या कामाला खुशाल वापरा. सोयाबीन पेरा, हरभरा पेरा. मनाई आहे ती वापरहक्काच्या पट्ट्यावर बांधकाम करायला, विहीर-तळं-बंधारा करायला आणि झाड लावायला.

ऐकायला तीनच गोष्टी. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला नेमक्या यातल्याच गोष्टी करायच्या असतात: एक शेततळं, एक विहीर, चार आंबे. म्हणून त्याची कुरकुर मला खोटी वाटत नाही. भरपाई मिळते ती पिकाच्या-झाडांच्या नुकसानीची, आणि वर जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के. मात्र अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत हरकत घेता येते, रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. हे 21 दिवस बहुतेकांचे "बघू, तलाठ्याला विचारू" म्हणण्यातच जातात.

दुसरा समज अंतराचा. 'लाइनपासून अमुक फूट सोडले की झालं.' वापरहक्काच्या पट्ट्यापुरतं ते खरं. पण पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे 2009 चे सुरक्षा नियम फुटपट्टी पुरवून थांबत नाहीत, ते घरं मोजतात. लाइनच्या दोन्ही बाजूंना 200 मीटर आणि लांबीत 1.6 किलोमीटर, एवढ्या तुकड्यात राहती घरं किती? दहापर्यंत असतील तर वर्ग 1. सेहेचाळीस किंवा जास्त झाली की वर्ग 3. वर्ग 1 मध्ये पोलादावर त्याच्या ताकदीच्या 72 टक्क्यांपर्यंत ताण चालतो, वर्ग 3 मध्ये 50 टक्केच. म्हणजे वस्तीजवळ पाइप जाड हवा, नाहीतर दाब कमी हवा. लाइन बंद करणारे व्हॉल्व्हही 32 ऐवजी 16 किलोमीटरच्या आत लागतात. गंमत अशी, की पाइप जागचा हलत नाही, पण शेजारी प्लॉट पडले, घरं उठली की त्याच पाइपाला लागू होणारा नियम बदलतो. मग कंपनीला हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

'गळती झाली तर वास येईलच.' सिलिंडरचा येतो, कारण त्यात मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन घातलेलं असतं. लांब पल्ल्याच्या लाइनमधल्या वायूला बहुधा वासच नसतो. तो शहरात घरोघरी द्यायच्या वेळी घालतात. तेव्हा नाकापेक्षा कान-डोळे उघडे ठेवा: फुसफुसणारा आवाज, विनाकारण उडणारी धूळ, साचलेल्या पाण्यात बुडबुडे, हिरव्यागार पिकात मध्येच वाळलेला पट्टा.

'लाइनमधला मिथेन वायू हवेपेक्षा हलका, उघड्यावर उडून जाईल' हे तर अर्धंच खरं. 27 जून 2014 च्या पहाटे आंध्रातल्या नगरम गावात लाइनमधून गळलेला वायू वस्तीभर पसरला, ठिणगी मिळाली आणि 20 हून जास्त माणसं गेली. कोरड्या वायूसाठीच्या त्या लाइनमधून पाण्याचा अंश असलेला वायू वाहत होता. पाइप आतून गंजला होता. या आतल्या गंजासाठीच 'पिग' नावाचं यंत्र असतं. वायूच्याच दाबानं ते पाइपातून पुढे सरकतं. एक जात सफाई करते, दुसरी भिंत कुठे पातळ झाली ते नोंदवत जाते.

बाहेरच्या गंजाचं मात्र निम्मं आपल्या हातात. पाइपावर किमान एक मीटर माती असावी असा नियम आहे. नांगर तिथवर जात नाही, जेसीबी सहज जातो. नाल्याकाठची माती पावसानं धुपली, तर तो मीटरही उरत नाही. त्यात रस्त्याच्या भरावासाठी तळी खोदण्याचा 'बुलढाणा पॅटर्न' देशभर गाजवलेला आपला जिल्हा. खोदायला हात सरसावलेलेच. लाइनवर रोवलेल्या खुणेच्या खांबावरून तिचा साधारण अंदाज येतो, नेमकी जागा नाही, म्हणून बकेट टाकण्याआधी खांबावरच्या नंबरला फोन करायचा. 2023 पासून त्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आहे.

आणि 'पाइप फुटला तरच कळवायचं' हा शेवटचा गैरसमज. जेसीबीचा दात नुसता घासून गेला, तरी पोलादावरचं प्लास्टिकचं आवरण सोलतं. त्या दिवशी काहीच होत नाही. ऑपरेटर इकडेतिकडे बघतो, दोन बकेट काळी माती वर ओढतो आणि पुढच्या शेतात जातो. ओरखडा ओल्या मातीत तसाच राहतो.